वाचून का आठवून

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे सुई भरणं. संध्याकाळची वेळ होती. माझी बायको ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसली होती, मी समोर पाटावर. तिला साखरेचा आजार होता आणि त्यात डोळे गेले होते. समोर माणूस आहे एवढं दिसायचं, अक्षर दिसायचं नाही. म्हणून सहा वर्षं तिला इन्सुलिन मीच देत होतो. जन्मभर लोकांना सुया देणारी बाई माझ्यासमोर दंड उघडा करून बसायची आणि थट्टेने म्हणायची, "द्या डॉक्टर."

त्या दिवशी मेडिकलवाल्याकडे नेहमीची लाल टोपीची सुई नव्हती. त्याने नारिंगी टोपीची दिली. हे नीट समजून घ्या. आमच्या इन्सुलिनची बाटली चाळीसची, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये चाळीस युनिट औषध. लाल टोपीच्या सुईवर एका मिलीलीटरची चाळीसच घरं असतात. सोळा युनिट द्यायचे तर सोळाव्या घरापर्यंत भरायचं, डोकं लागत नाही. नारिंगी टोपीच्या सुईवर त्याच एका मिलीलीटरची शंभर घरं. मग सोळा युनिटला किती घरं? तिने डोळे मिटून तोंडी गणित केलं, मी कागदावर केलं.

"तुमचं किती आलं?" तिने विचारलं.

"चाळीस घरं."

"माझंही चाळीस. बाटली कितीची हाये?"

"चाळीसची."

"वाचून सांगता का आठवून?"

"वाचून," मी म्हणालो.

मी वाचलं नव्हतं. बाटली नवी होती, आठ दिवसांपूर्वी आणलेली, त्याच संध्याकाळी फोडली. आमच्याकडे फ्रीज नाही, म्हणून बाटली पाण्याच्या गाडग्यात ठेवायचो. पिशवीत न बांधता मी ती तशीच टाकली होती. कागद भिजून वरचा अर्धा भाग निघून गेला होता आणि खोकं मी चुलीत घातलं होतं. सहा वर्षं चाळीसचीच येते, हीही तीच असणार, असं धरून मी बोललो. सुई दिली. मग आम्ही जेवलो. भात आणि झिंग्याची चटणी. चटणीत मीठ जास्त झालं म्हणाली.

पहाटे ती गेलेली होती. अंग गार, आणि चोळी घामाने ओली.

घामाचा अर्थ तिनेच मला शिकवला होता. इन्सुलिन जास्त झालं की साखर खाली उतरते, घाम फुटतो, माणूस झोपेतल्या झोपेत जातो. बाटली शंभरची निघाली तर त्या चाळीस घरांत सोळाच्या जागी चाळीस युनिट गेले होते, आणि ते देणारा मी होतो. त्या पहाटे मला नेमकी कशाची भीती वाटली हे कळायचं तर आधी ती बाई कशी होती ते सांगावं लागेल.

गावात तिला सिस्टरबाई म्हणत. मीही तेच म्हणायचो. ती धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका उपकेंद्रात नर्स होती आणि मी तळ्यात जाळं टाकणारा, चौथी शिकलेला माणूस. लग्नात तिच्या मामाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "पोरगी सुईची, जावई गळाचा." लोक हसले, तीही हसली. मी हसलो नाही. पुढे पंचवीस वर्षं तिच्या क्वार्टरमध्ये राहिलो, तिच्या चुलीवर मासोळी रांधली आणि तिची पाण्याची हंडी भरली. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. वाटला असता तर तिने मला हाकलून दिलं असतं.

तिची पहिली खोड म्हणजे नुसता आकडा तिला चालत नसे. कुणी म्हणालं, "सिस्टरबाई, लेकराले पाच दिलं," तर ती खवळायची. "पाच काय? पाच हत्ती का पाच मुंग्या? आकडा एकटा फिरत असला तर त्याले दारात उभं नोका करू." मला बाजारातून तेल आणायला सांगितलं आणि मी "अर्धा आणू का?" म्हटलं, तरी ती उत्तर देत नसे. अर्धा लिटर म्हणेपर्यंत तोंड फिरवून बसायची.

चमच्यांवर तर तिचा राग होता. तापाच्या औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असायचं, एक चमचा. त्या चमच्यात पाच मिलीलीटर मावावं असा हिशोब. आमच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीत, कुणाकडे चहाचा चमचा होता, कुणाकडे वरणाची पळी. एका आजीने नातवाला पळीनेच औषध पाजलं. पळीसुद्धा चमचाच की, ती म्हणाली. तेव्हापासून सिस्टरबाई घरभेटीला गेली की आधी म्हणायची, "तुमचा चमचा आणा." मग सिरिंजमध्ये पाच मिलीलीटर पाणी भरून चमच्यात सोडायची आणि पाणी जिथवर आलं तिथे खिळ्याने रेघ मारायची. अख्ख्या गावाच्या चमच्यांवर तिची रेघ होती. पोरीला सासरी पाठवताना आया भांड्यांत तो चमचा बांधून द्यायच्या.

तिची दुसरी खोड मला भोवली. तिच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की जोखमीच्या औषधाचं गणित दोघींनी करायचं, वेगवेगळ्या कागदावर, एकमेकींचं न पाहता. उत्तर जुळलं तरच सुई भरायची. मोठ्या दवाखान्यात दहा नर्सा असतात. इथे एकटीच. तिच्या जोडीचा कर्मचारी महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. मग एका हिवाळ्यात तिने मला पाटी घेऊन बसवलं.

"मी चौथी शिकलो," मी म्हणालो.

"मासोळी तोलता ना? किलोचे ग्रॅम करता ना? किलोचे हजार ग्रॅम, तसेच ग्रॅमचे हजार मिलीग्रॅम. मासोळी तीच, फकत नखाएवढी झाली."

"हे नियमात बसते का?"

"नियमात दुसरी नर्स बसते. आणून द्या मले एक."

पॉइंट हा प्रकार मला कळता कळत नव्हता. मोठ्याचं लहान करताना तो तीन घरं उजवीकडे जातो, लहानाचं मोठं करताना तीन घरं डावीकडे. माझा पॉइंट दारू प्यायल्यासारखा कुठेही जायचा. उत्तर चुकलं की ती रागवायची नाही. कागद उलटा ठेवायची आणि शांतपणे म्हणायची, "हे लेकरू मेलं." मग दुसरं गणित. त्या हिवाळ्यात मी कागदावर अकरा लेकरं मारली. रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही. एकदा मी पॉइंटच्या आधी शून्य लिहिलं नाही, नुसतं पॉइंट पाच लिहिलं. उत्तर बरोबर होतं, तरी तिने कागद उलटा केला. "एवढासा पॉइंट. माशी समजून कोणी पुसला तर पाच होते. आधी शून्य लिवा, मंग पॉइंट. शून्य त्याचा चौकीदार हाये." होळीपर्यंत माझ्या हातून लेकरं मरायची थांबली.

आता ज्या दिवसामुळे मी हे लिहायला बसलो तो दिवस.

श्रावण होता. नाल्याला तीन दिवसांपासून पूर होता आणि डॉक्टर नाल्यापलीकडे. दुपारी एका टोल्यावरून आजा-आजी नातीला घेऊन आले. मैनी तिचं नाव, अडीच वर्षांची. डोक्यात चढलेला मलेरिया. वाटेत एकदा झटका येऊन गेला होता, डोळे वर लागले होते. आजीने माझ्याकडे पाहून हात जोडले, "भाऊ, डोंगा घाल." मी पाणी पाहिलं. त्या पुरात होडी घातली असती तर आम्ही सगळेच गेलो असतो. तसं सांगितलं.

सिस्टरबाईने कपाटावर चिकटवलेला डॉक्टरांचा कागद पाहिला. क्विनाईन, वजनाच्या दर किलोला दहा मिलीग्रॅम, दर आठ तासांनी. औषध होतं. नव्हता तो धड वजनकाटा. लेकरं टांगून मोजायच्या काट्याची स्प्रिंग सैल झाली होती, महिना झाला कळवून. कुणालाही टांगा, काटा सात किलोच दाखवायचा.

"तुमचा तराजू आणा," ती मला म्हणाली.

मी आणला. आढ्याला बांधला. एका पारड्यात लुगड्यात गुंडाळलेली मैनी, दुसऱ्या पारड्यात माझी पाच-पाच किलोची दोन वजनं. दांडी सरळ राहिली.

"दहा किलो?" सिस्टरबाई म्हणाली. "उचलताना एवढी नाई लागली मले." मग स्वतःशीच म्हणाली, "तापानं वाटत असंन."

मी वजनांकडे पाहिलं. ती माझ्या बापाची. त्याने त्यांच्या बुडातलं शिसं काढून, आणखी लोखंड कोरून, वर लाख भरून काळा रंग दिला होता. दर बाजारी मासोळी मी त्यांनीच विकायचो. सिस्टरबाईला ते माहीत नव्हतं. उपकेंद्राच्या ओसरीवर पावसामुळे अडकलेली पंधरा-वीस माणसं बसली होती, सगळी माझी गिऱ्हाईकं.

तिने मला कागद दिला. "करा." ती टेबलाकडे गेली, मी खिडकीकडे. दहा किलो, दर किलोला दहा, म्हणजे शंभर मिलीग्रॅम. कुपीतल्या एका मिलीलीटरमध्ये तीनशे मिलीग्रॅम. शंभर भागिले तीनशे. शून्य पॉइंट तेहतीस मिलीलीटर. शून्य मी नीट लिहिलं. दोन्ही कागद तिने शेजारी ठेवले. सारखेच.

"जुळलं," ती म्हणाली आणि तिने कुपीची मान मोडली.

सुईत औषध चढताना मी पाहत होतो. मनात म्हणालो, थोडंसंच जास्त जाईल, काही होणार नाही. मग आठवलं, एकदा नाही, दर आठ तासांनी. पूर उतरेपर्यंत. हे औषध जास्त झालं तर काळीज थांबतं, हे तिनेच सांगितलेलं. तिने मैनीची मांडी पुसली.

"थांब," मी म्हणालो.

"काऊन?"

"ती वजनं पाचाची नाईत."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ही थुंकेल माझ्या तोंडावर.

"कितीची हायेत?" एवढंच तिने विचारलं.

"माहीत नाई. बापानं कोरली होती."

दारातून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे आमची मासोळी..."

"मासोळीचं मंग पाहू, बाबा. दारातून बाजूले व्हा, उजेड येऊ द्या," ती म्हणाली. आणि मला, "सलाईनच्या बाटल्या काढा. अर्ध्या लिटरची एकेक. पाणी लिटरभर म्हंजे किलोभर."

मैनीला आजीच्या मांडीवर दिलं. एका पारड्यात माझं पाचाचं एक वजन, दुसऱ्यात सलाईनच्या बाटल्या. प्लास्टिकचा भार नको म्हणून तिने वजनाच्या बाजूला तेवढ्याच रिकाम्या बाटल्या टाकायला लावल्या. मी एकेक बाटली ठेवत गेलो. सहा. सात. आठवी ठेवली आणि दांडी सरळ झाली. दहा ठेवाव्या लागायला हव्या होत्या. दुसरं वजनही तसंच, आठच बाटल्या.

"चार किलोचं हाये एकेक," ती म्हणाली. "मैनी आठ किलोची."

पुन्हा दोन कागद. ऐंशी मिलीग्रॅम. शून्य पॉइंट सत्तावीस. जुळलं. तिने सुईतलं जास्तीचं औषध बाहेर टाकलं आणि उरलेलं पातळ करून मैनीला दिलं.

तो दिवस, ती रात्र आणि पुढचा दिवस आम्ही आठ-आठ तास मोजत काढले. दर वेळी ती नवीन कागद द्यायची, आकडे तेच असले तरी. आजी माझ्या हातचं पाणी घेत नव्हती. तिसऱ्या सकाळी मैनीने डोळे उघडले आणि पेज मागितली. आजा भिंतीकडे तोंड करून रडला.

मला वाटलं होतं, सगळे निघून गेले की सिस्टरबाई मला बोलेल. ती संध्याकाळभर कपाट आवरत बसली. शेवटी म्हणाली, "दोघांचंही गणित बरोबर होतं. म्हणून तर मले भेव लागून राह्यलं. आतापासून गणिताच्या आधी पाहाचं, मोजलं कशावर."

तेव्हापासून तो प्रश्न सुरू झाला. वाचून सांगता का आठवून? कुपीवर किती लिहिलंय, बाटली कितीची, वजन कशावर केलं, दर वेळी विचारायची. घरी चहातल्या साखरेलाही.

बाजारात माझी जी शोभा व्हायची ती झाली. मी शिक्क्याची नवी वजनं आणली, पण वर्षभर लोक विचारत, "हा किलो तुझा हाये का सिस्टरबाईचा?" मैनीच्या आजीने तर कमाल केली. अर्धा किलो झिंगे घ्यायला यायची ती पदराखाली सलाईनची भरलेली बाटली घेऊन. वजनाच्या पारड्यात ती बाटली ठेवायची आणि म्हणायची, "आता तोल, जावईबापू." सगळा बाजार हसायचा. मी तोलायचो. रिकाम्या बाटलीचा भार तिच्या फायद्याचा होता, मी तो कधी वजा केला नाही.

पुढे सिस्टरबाई रिटायर झाली. आम्हाला मूल नव्हतं, म्हणून आरमोरीजवळ तिच्या माहेरच्या गावात येऊन राहिलो. साखर तिथे धरली. डोळे तिथे गेले. डोळे गेल्याचं तिला दुःख नव्हतं. दुःख होतं ते दुसऱ्याच्या वाचण्यावर जगावं लागतं याचं. म्हणायची, "आता तुमीच माझे डोळे. नीट पाहत जा."

आणि मी त्या संध्याकाळी पाहिलं नाही.

पहाटे शेजारच्या बाया आल्या. तिचा भाऊ आला. उजाडेपर्यंत अंगण भरलं. बायांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. सवाशीण गेली म्हणून शेवटचं कुंकू नवऱ्याने लावायचं असतं. तिच्या भावाने करंडा माझ्यासमोर धरला.

"लावा, भाऊजी."

माझा हात पुढे होईना. पहाटेनंतर मी तिला शिवलोही नव्हतो.

"येतो मी," म्हणालो आणि गाडग्यातली बाटली खिशात घालून सायकल काढली. मागून तो ओरडत होता, "बाई इथी पडली हाये आन् तुमी कुठी चालले?"

मेडिकलचं शटर बंद होतं. मागे त्याचं घर, तिथे कडी वाजवली. तो दात घासत बाहेर आला.

"काय भाऊ, एवढ्या सकाळी? बाई बऱ्या हायेत ना?"

"ही बाटली आठ दिवसांमागं तुमच्याकडून नेली. याच मालातली दुसरी दाखवा."

"चाळीसचीच हाये, भाऊ. मी सांगतो ना."

"तुमी सांगू नोका. माझ्या हातात द्या."

त्याने माझं तोंड पाहिलं आणि गुपचूप दुकान उघडलं. माझ्या बाटलीवरच्या कागदाचा खालचा तुकडा शाबूत होता, त्यावर मालाचा नंबर होता. तो मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचला. त्याने फ्रीजमधून पाच-सहा खोकी काढली. चौथ्या खोक्यावर तोच नंबर. मी पुन्हा पहिल्यापासून जुळवून पाहिला. आतली बाटली काढली, उजेडात धरली आणि मग वरचा आकडा वाचला. एका मिलीलीटरमध्ये चाळीस युनिट. पुसला जातो की काय म्हणून अंगठ्याने घासून पाहिला. चाळीस.

"काय झालं, भाऊ?" तो विचारत होता. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, घाम काळजाच्या झटक्यानेही येतो. म्हणत असेल. मला एवढंच कळलं की माझ्या हातून सोळाच गेले. आणि हेही कळलं की ते माझ्या पुण्याईने नाही, मी न पाहताच बोललो होतो.

घरी आलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. लोक कुजबुजत होते. तिचा भाऊ अंगावर धावून आला, "कुठी गेल्ते तुमी?"

"चाळीसची होती," मी म्हणालो.

कुणालाच काही कळलं नाही. ज्या बाईला कळलं असतं ती समोर हिरव्या लुगड्यात पडली होती. मी हात धुतले, तिच्याजवळ बसलो, तिच्या कानाशी वाकून संध्याकाळी खोटं बोललो होतो ते सांगितलं, आणि कुंकू लावलं.